पूर ओसरल्यावरचा ताप

शिरोळ तालुक्यातल्या बाईला पूर कसा असतो हे कुणी शिकवावं लागत नाही. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचं पाणी या तालुक्याच्या अंगाखांद्यावरून जातं. पाणी चढायला लागलं की आधी धान्य माळ्यावर, मग मुलांची दप्तरं, मग कागदपत्रांची पिशवी, मग देव, हा क्रम हाताला सवयीचा झाला आहे. २००५ चा पूर झाला, २०१९ चा ऑगस्ट झाला, २०२१ चा जुलै झाला. २०१९ साली कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फुटांची रेघ ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे, म्हणजे पाणी किती चढलं होतं ते बघा! नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि नदीकाठच्या गावांतून माणसांना नावांतून बाहेर काढावं लागलं.

पाणी येतं तेव्हा सगळं जग धावून येतं. बोटी येतात, जवान येतात, भाकरीची गाठोडी येतात. पण पाणी उतरतं त्या दिवसापासून पुढचं सारं काम घरातल्या बाईच्या अंगावर पडतं. मैत्रिणींनो, आज मला त्याच दिवसांबद्दल बोलायचं आहे. त्या दिवसांत एक ताप घरात शिरतो आणि तो बहुधा बाईच्या दमणुकीच्या आड लपून बसतो. त्याचं नाव लेप्टोस्पायरोसिस. मुंबईकडं नुसतं 'लेप्टो' म्हणतात.

चिखलात काय असतं?

लेप्टोचा जंतू मुळात जनावरांचा. उंदीर आणि घुशी त्याचे मोठे सांभाळकर्ते. त्यांच्या मूत्रपिंडात तो सुखानं राहतो, उंदराला काही होत नाही, आणि मूत्रावाटे मात्र तो सतत बाहेर पडत राहतो. गाई, म्हशी, डुकरं, कुत्री यांच्यामार्फतही तो पसरतो. कोरड्या जागेत आणि उन्हात तो फार काळ जगत नाही. पण ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतो.

आता पुराचा विचार करा. बांधावरची, उसाच्या फडातली बिळं पाण्यानं भरली की उंदीर-घुशी जीव घेऊन उंचावर येतात. उंच म्हणजे आपला ओटा, माळा, शाळेची खोली, देवळाचा सभामंडप. जिथं माणसं आसरा घेतात तिथंच उंदीरही आसरा घेतात आणि जनावरंही तिथंच बांधलेली असतात. सगळ्यांचं मलमूत्र त्याच पाण्यात मिसळतं. मग पाणी उतरतं आणि घरात गुडघाभर गाळ सोडून जातं.

त्या गाळात आपण अनवाणी उतरतो. साडी खोचायची, घमेलं घ्यायचं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाळ उपसायचा. पायांना भेगा असतातच. दोन दिवस ओल्यात राहिल्यावर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. गाळात फुटकी काच, खिळा, पत्रा लपलेला असतो, तो लागतो. जंतूला एवढी वाट पुरते. भेग, चिखली, खरचटलेलं, पाण्यात राहून नरम पडलेलं कातडं, यांतून तो आत शिरतो. चिखलाचा हात डोळ्याला लागला, तोंडाला लागला, तरी शिरतो.

एक गोष्ट मात्र दिलाशाची आहे. हा आजार सहसा एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला होत नाही. त्यामुळे रोग्याचं ताट-वाटी वेगळं करण्याची, लेकरांना दूर ठेवण्याची गरज नाही.

प्रश्नचिन्हासारखा जंतू

या जंतूची ओळख पटायला बरीच वर्षं लागली. जर्मनीतल्या हायडेलबर्गचे डॉक्टर अडॉल्फ वाईल यांनी १८८६ साली ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र असलेल्या या रोगाचं वर्णन केलं. त्याच्या तीव्र प्रकाराला आजही 'वाईलचा रोग' म्हणतात. १९०७ मध्ये अमेरिकेत स्टिम्सन नावाच्या शास्त्रज्ञाला, पीतज्वरानं गेला असं समजलेल्या एका रोग्याच्या मूत्रपिंडात हे जंतू दिसले. मळसूत्रासारखं अंग आणि टोकाला आकडा, म्हणून त्यानं त्यांना प्रश्नचिन्हावरून नाव दिलं. हाच रोगाचा जंतू हे सिद्ध केलं जपानच्या इनाडा आणि इडो या डॉक्टरांनी, १९१५ च्या सुमारास. त्यांचे रोगी होते कोळशाच्या खाणीतले मजूर, दिवसभर ओल्या अंधारात उभे राहणारे.

पण मला सगळ्यात जवळची वाटली ती ऑस्ट्रेलियातली हकिकत. तिथल्या क्वीन्सलँड प्रांतात आपल्यासारखीच उसाची शेती. १९३४ च्या सुमारास इंगहॅम भागातले ऊसतोड मजूर भराभर तापानं पडू लागले. फडात उंदीर मायंदाळ, पाचटाखाली ओल, आणि मजुरांचे हातपाय उसाच्या पानांनी कापलेले. रोग वाईलचा निघाला. तोडणीआधी फड पेटवा म्हणजे उंदीर जातील आणि पाचटही जाईल, अशी मजुरांची मागणी होती. उसाचं नुकसान होतं म्हणून मालक राजी नव्हते. १९३५ साली त्यासाठी मोठा संप झाला. जीन डेव्हॅनी या लेखिकेनं त्यावर 'शुगर हेवन' ही कादंबरीही लिहिली. उसाच्या गोडीमागं कुणाचे पाय कापलेले असतात, हे शिरोळकरांना वेगळं सांगायला नको.

आपल्या देशात अंदमानात हा रोग फार पूर्वीपासून माहीत आहे. दक्षिण गुजरातेत सुरत, वलसाड, नवसारीकडं भात आणि उसाच्या शेतांत पावसाळ्यात तो दिसतो. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कंबरभर पाण्यातून लोक घरी गेले आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोची साथ आली. केरळात ऑगस्ट २०१८ च्या महापुरानंतरही तेच झालं. मल्याळम भाषेत या रोगाला 'एलिप्पनी' म्हणतात. एलि म्हणजे उंदीर, पनी म्हणजे ताप. किती सरळ नाव! जगभराचा २०१५ साली छापून आलेला अंदाज असा, की दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना हा रोग होतो आणि त्यांतले जवळजवळ ५९ हजार दगावतात.

जनावरांकडून माणसाला येणारे असे जंतू पुष्कळ आहेत. अमेरिकेत सशांमुळे होणारा टुलारेमिया नावाचा ताप आहे. कॅलिफोर्नियातल्या टुलारे परगण्यावरून त्याचं नाव पडलं. ससा सोलताना, कापताना हातावरच्या जखमेतून तो शिरतो. तो आपल्याकडं सहसा ऐकू येत नाही. पण तत्त्व तेच. जनावराचा जंतू, आपल्या हातापायावरची जखम, आणि काम करणारा माणूस.

"दमणूक असेल!"

गाळात काम केल्यावर साधारण ५ ते १४ दिवसांनी ताप येतो. कधी दोन दिवसांत येतो, कधी महिनाही जातो. म्हणजे घर धुऊन-पुसून, चूल पेटून, मुलं शाळेत जाऊ लागल्यावर हा पाहुणा येतो. तोवर पूर मागं पडलेला असतो आणि तापाचा त्याच्याशी संबंध आहे हे कुणाच्या मनात येत नाही.

खुणा लक्षात ठेवा. एकदम थंडी वाजून भरलेला ताप. फार डोकं दुखणं. कंबर आणि मुख्य म्हणजे पायांच्या पोटऱ्या दुखणं, इतक्या की हात लावू देत नाहीत. डोळे लाल होणं, पण डोळे आल्यावर येतो तसा पू नसणं. मळमळ, उलटी. कधी कधी चार-सहा दिवसांनी ताप उतरतो, बरं वाटतं, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा चढतो. पुष्कळांना तो सौम्यच होतो आणि बरा होतो. पण थोड्या जणांना, साधारण दहांत एखाद्याला, तो उलटतो. डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते, धाप लागते, थुंकीतून रक्त पडतं. मग जिवावरचं दुखणं होतं.

आमच्या नात्यातल्या एका वहिनींची गोष्ट सांगते. २०१९ च्या पुरानंतर त्यांनी सासरचं घर आणि शेजारच्या म्हातारीचं घर अशी दोन घरं धुतली. दहाव्या दिवशी अंग मोडून आलं. पोटऱ्या ठणकत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर ओणवी हुतीस, मग पाय दुखणार न्हाईत व्हय?" वहिनींनाही ते पटलं. दोन गोळ्या घेतल्या, पायांना तेल चोळलं आणि भाकऱ्या थापायला बसल्या. चार दिवस असेच काढले. नवऱ्यानं दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायच्या, "एवढा पंचनामा हुंदे, मग जाऊ."

पाचव्या दिवशी डोळे लालभडक झाले आणि दिवसभरात लघवी एकदाच झाली. तेव्हा त्यांना उचलून नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता पोटरी दाबली, त्या ओरडल्या. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, पुराच्या पाण्यात, गाळात उतरला होता का?" त्या एका प्रश्नानं पुढचं सगळं ठरलं. लगेच शिरेतून औषध सुरू झालं. तरी मूत्रपिंडं थकली होती, तीन वेळा डायलिसिस करावं लागलं. आज त्या चांगल्या आहेत. पण त्या आठवड्यात त्यांच्या दोन मुलींचे चेहरे मी पाहिले आहेत, ते विसरता येत नाहीत.

आपल्याकडं बाईचा ताप हा घरातला शेवटचा ताप असतो. आधी मुलांचा, मग सासऱ्यांचा, मग नवऱ्याचा, मग म्हशीचा, आणि सगळं उरकल्यावर वेळ उरला तर तिचा. एरवी हे निभावून जातं. पण लेप्टोचं औषध पहिल्या दिवसांत घेतलं तर स्वस्त आणि सोपं, आणि उशीर झाला तर घर विकायला लावणारं. म्हणून पुरानंतर महिनाभर घरातल्या कुणालाही ताप आला, तर तो अंगावर काढू नका. तुम्हाला आला तर मुळीच नको.

दवाखान्यात काय सांगाल?

या तापाचं आणि डेंग्यूचं, मलेरियाचं, काविळीचं रूप सारखं दिसतं. डेंग्यूसारख्या यातही प्लेटलेट कमी होतात. त्यामुळे डॉक्टरांना आपण होऊन सांगा, "मी अमुक दिवशी गाळ काढला, पायाला जखम होती." हे एक वाक्य मोठ्या तपासणीइतकं कामाचं आहे.

रक्ताची नेहमीची तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत पुष्कळदा 'नाही' असं उत्तर देते. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. डॉक्टर लक्षणं आणि हकिकत बघून आधीच औषध सुरू करतात, ते बरोबरच असतं. सौम्य तापाला बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात, जास्त आजारी माणसाला पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं. गर्भवतीला आणि लहान मुलांना डॉक्सिसायक्लिन सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी औषधं आहेत. म्हणून दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, तर संकोच न करता आधी सांगा.

अंगदुखीच्या जालीम गोळ्या दुकानातून आणून खाऊ नका. त्यांतल्या बऱ्याचशा मूत्रपिंडावर ताण देतात आणि या तापात ते फार महागात पडतं. डॉक्टरांकडं पोचेपर्यंत साधी पॅरासिटामॉल पुरे.

पुरानंतर आरोग्य खात्याची माणसं कधी कधी प्रतिबंधक गोळ्या वाटतात. जे दिवसच्या दिवस पाण्यात-चिखलात राबतात त्यांच्यासाठी त्या असतात. त्यांनी सांगितलं तशाच घ्या, जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं होऊ नका, नाहीतर छातीत जळजळतं. शेजारणीच्या गोळ्या मात्र घेऊ नका.

घर धुताना

आता आपल्या हातात काय आहे ते बघू.

पाय आधी. गाळात उतरायचं तर गमबूट घालावेत. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच घरात एक-दोन जोड आणून ठेवले तर ते वर्षानुवर्षं टिकतात. बूट नसतील तर जाड मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून वर चप्पल घाला. बुटाइतकं ते पक्कं नाही, पण अनवाणी पायापेक्षा शंभरपट बरं. हातांत रबरी मोजे घाला. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. हळद-तेल लावून भेग बुजत नाही.

गाळ ओला असतानाच काढावा, तो वाळून घट्ट झाला की दुप्पट श्रम पडतात. आधी गाळ उपसा, मग साबणाच्या पाण्यानं जमीन आणि भिंतीचा खालचा भाग घासून धुवा, आणि त्यानंतर ब्लीचिंग पावडरचं पाणी फिरवा. हा क्रम मोडू नका. गाळावर नुसती पावडर भुरभुरवून काही साधत नाही, तिचा जोर चिखलातच संपतो. प्रमाण आशाताईंना किंवा आरोग्यसेवकांना विचारून घ्या. आणि एक सांगते, ब्लीचिंगच्या पाण्यात संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

मग दारं-खिडक्या उघडून घर खडखडीत वाळू द्या. गाद्या, रजया, पाट, कपाटाचे कप्पे उन्हात टाका. ऊन फुकटचं आहे आणि या जंतूला कोरडेपणासारखा वैरी नाही.

पिण्याचं पाणी उकळूनच प्यावं. भांडी साबणानं घासून उकळत्या पाण्यातून काढावीत. पुरात बुडालेलं उघडं धान्य मोह न धरता टाकून द्यावं. मेलेला उंदीर हातानं उचलू नये, मोजे घालून खोल पुरावा. धान्याला पत्र्याचे झाकणबंद डबे करावेत आणि खरकटं रात्रभर उघडं ठेवू नये, म्हणजे आसऱ्याला आलेले उंदीर बिऱ्हाड करून राहत नाहीत.

गोठा असेल तर तिथं मूत्र साचू देऊ नये, नाली वाहती ठेवावी, आणि शेण-मूत्र काढताना पायांत काहीतरी असावं. म्हैस गाभडली किंवा जनावराच्या मूत्राला लाल रंग आला तर पशुवैद्याला बोलवावं. कारणं अनेक असतात, त्यांत हेही एक असू शकतं. घरात कुत्रा असेल तर त्याला या रोगाची लस मिळते.

मुलांना साचलेल्या पाण्यात खेळू देऊ नका. वाहत्या नदीत जंतू विरळ होतात, डबक्यात ते साठून राहतात. वाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला की स्नानाला गर्दी होते, श्रद्धेची गोष्ट आहे, मीही जाते. पण पायाला उघडी जखम असेल त्या वर्षी दुरूनच हात जोडावेत. दत्तमहाराज रागावणार नाहीत.

बूट कुणाकुणाला?

शेवटी एक गोष्ट स्पष्टच लिहिते. आपल्यापैकी अनेकींच्या घरी धुणंभांडी करायला बाई येते. पुरानंतर तिचं स्वतःचं घरही बुडालेलं असतं. तिथला गाळ काढून ती आपल्या घरचा गाळ काढायला येते, आणि दोन्हीकडं अनवाणी. आपण दोन पैसे जास्त देतो, जुनी साडी देतो, जेवायला घालतो. त्यासोबत गमबुटांचा एक जोडही द्या. तिला ताप आला तर खाडा मांडण्याआधी पोटऱ्या दुखतात का ते विचारा आणि दवाखान्यात पाठवा.

दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू झाले की बीड, उस्मानाबादकडच्या (आताच्या धाराशिवच्या) ऊसतोड मजुरांच्या कोप्या आपल्या रानात पडतात. त्या बायका पहाटेपासून ओल्या फडात मोळ्या बांधत असतात. त्यांचीही लेकरं आपल्याकडच्या शाळेत येऊन बसतात. ज्यांची शेती आहे त्यांनी हा विषय घरात काढावा. क्वीन्सलँडच्या मजुरांना ज्यासाठी संप करावा लागला, ते आपल्याकडं घरातल्या बाईच्या एका शब्दानं होऊ शकतं.

नदीला पूर यायचा तो येणार. तिच्याशी आपलं नातं जुनं आहे, ती गाळही देते आणि त्याच गाळावर मळेही पिकवते. पुढच्या पावसाळ्याआधी माळ्यावर सामान चढवायची यादी कराल ना, तेव्हा त्यात गमबूट, रबरी मोजे आणि ब्लीचिंग पावडर एवढ्या तीन ओळी वाढवा. आणि यादीच्या खाली घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी चौथी ओळ लिहा: आईला ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.